अँटिबायोटिक चालू असताना तोल जातो, जीभ जड होते, माणूस बरळतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये पाऊस लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात लावणी सुरू होते आणि त्याबरोबर ताप, जुलाब, लेप्टोची (उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची) धास्तीही येते. घराघरांत अँटिबायोटिकच्या पट्ट्या दिसू लागतात. या औषधांनी पोट बिघडतं, अंगावर पुरळ येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती मेंदूवर, कानातल्या तोलाच्या यंत्रणेवर आणि हातापायांच्या नसांवरही परिणाम करतात, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मग माणूस झोकांड्या खाऊ लागला की घरचे म्हणतात, "तापाने अशक्तपणा आलाय." पेज वाढवली जाते आणि गोळीही चालू राहते.

अशक्तपणा आणि औषधाचा परिणाम, फरक कसा ओळखायचा?

अशक्त माणूस दमतो, पण त्याचं बोलणं स्पष्ट असतं आणि पाऊल जिथे टाकायचं तिथेच पडतं. औषधाचा परिणाम झालेल्या माणसाच्या अंगात कधीकधी ताकद पुरेशी असते, चूक होते ती नेमकेपणात. चहाचा कप ओठापर्यंत नेताना सांडतो. शर्टाचं बटण काजात जात नाही. पाखाडी उतरताना पायरीचा अंदाज चुकतो.

घरी पाच मिनिटांत तपासता येतं, मात्र धरायला एक माणूस बाजूला उभा हवा. फरशीच्या सांध्यावरून टाच-अंगठा जोडत दहा पावलं चालायला सांगा. बोट स्वतःच्या नाकाला आणि मग समोर धरलेल्या तुमच्या बोटाला लावायला सांगा. बोट जवळ येताना थरथरतं का, पुढे निसटतं का ते बघा. तळहात मांडीवर उलटसुलट भराभर आपटायला लावा, लय तुटते का बघा. मग पाय जोडून उभं करा आणि डोळे मिटायला सांगा.

शेवटच्या चाचणीतून बरंच कळतं. डोळे उघडे असतानाही झोक जात असेल तर संशय लहान मेंदूवर जातो. डोळे मिटल्यावरच जात असेल तर पायांच्या नसांवर किंवा कानातल्या तोलावर. न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंत धरावी लागते, रात्री वीज गेली की ओट्यावरून खळ्यात उतरता येत नाही, या तक्रारी त्याच जातीच्या. डॉक्टरांना "चक्कर येते" एवढंच सांगण्यापेक्षा हे सांगा. "चक्कर" या एका शब्दात घेरी, भोवळ, तोल जाणं आणि डोळ्यांपुढे अंधारी हे सगळं कोंबलेलं असतं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

हे होतं कसं?

वाटा वेगवेगळ्या आहेत. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. पेनिसिलिन, सेफेपिमसारखी सेफॅलोस्पोरिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या घरातली औषधं हा ब्रेक ढिला करतात. त्यामुळे झोप उडते, स्नायूंना झटके बसतात, माणूस बरळतो, क्वचित फिट येते. मेट्रोनिडाझोल लहान मेंदूतल्या ठरावीक भागांना सूज आणतं. जेंटामायसिन आतल्या कानातल्या केसासारख्या बारीक पेशी मारतं. आयसोनियाझिड बी-6 जीवनसत्त्व संपवतं. आणि काही औषधं स्वतः काही करत नाहीत, दुसऱ्याच गोळीची रक्तातली पातळी वाढवतात.

त्यामुळे पहिल्या डोसपासून तक्रारीपर्यंत किती दिवस गेले हा सर्वांत उपयोगी प्रश्न. बरळणं किंवा झटके दोन ते पाच दिवसांत सुरू झाले तर सेफॅलोस्पोरिन किंवा सिप्रोच्या घराकडे बघायचं. तोल आणि बोलणं काही आठवड्यांनी बिघडलं तर मेट्रोनिडाझोलकडे. म्हणून पट्टी फाडून फेकू नका आणि पहिल्या गोळीची तारीख तिच्यावरच पेनाने लिहा.

जुलाबावर मिळणारी मेट्रोनिडाझोलची गोळी इतकी धोक्याची आहे का?

पाच-सात दिवस घेतली तर क्वचितच. तोंडाला धातूची चव, मळमळ आणि गडद लघवी एवढ्यावरच बहुतेकांचं भागतं. अडचण एकूण साठलेल्या डोसाची असते. नसांचा त्रास एकूण 42 ग्रॅमच्या पुढे वाढलेला आढळतो. हिशोब सोपा आहे. 400 मिलीग्रॅम दिवसातून तीनदा म्हणजे 1.2 ग्रॅम, म्हणजे 42 ग्रॅम व्हायला 35 दिवस. यकृतातल्या अमिबाच्या गळवासाठी 800 मिलीग्रॅम तीनदा देतात, तेव्हा दिवसाला 2.4 ग्रॅम होतात आणि तोच आकडा साडेसतरा दिवसांत गाठला जातो. दहा दिवसांचा नेहमीचा कोर्स 24 ग्रॅमवर थांबतो. मात्र "अजून पोटात दुखतंय" म्हणून तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये पुन्हापुन्हा दाखवली की हिशोब बिघडतो. 42 ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. यकृत कमजोर असेल तर त्याच्या कितीतरी आधी त्रास होऊ शकतो.

सुरुवात बहुधा बोलण्यापासून होते. शब्द ओढले जातात, जिभेला जडपणा येतो, फोनवर बोलणारा मुंबईचा मुलगा विचारतो, "बाबा प्यायलेत काय?" मग पाय रुंद टाकून चालणं, मग पायांच्या बोटांत मुंग्या आणि जळजळ. एमआरआय केला तर लहान मेंदूत डाव्या-उजव्या बाजूला सारखेच पांढरे डाग दिसतात. ही जुळी खूण डॉक्टरांना दिशा देते, पण औषधांची यादी एमआरआयवाल्याला कुणी दिलेली नसेल तर भलत्याच आजाराचा शोध सुरू होतो.

टिनिडाझोल आणि ऑर्निडाझोल याच घराण्यातली. जुलाबासाठी सर्रास मिळणाऱ्या जोडगोळ्यांत, म्हणजे नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, मेंदूवर परिणाम करू शकणारी दोन औषधं एकाच गोळीत असतात. साध्या पाण्यासारख्या जुलाबांना बहुतेक वेळा मीठ-साखर-पाणी म्हणजे ओआरएस आणि झिंक पुरतं. रक्त पडत असेल, ताप असेल तर गोष्ट वेगळी.

आईचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी डॉक्टर किडनीमुळे औषध साठलं म्हणतात. हे कसं?

हा प्रश्न फार येतो, आणि रास्त आहे. बहुतेक अँटिबायोटिक लघवीवाटे बाहेर पडतात. क्रिएटिनिन हा रक्तातला कचरा, किडनी तो बाहेर टाकते, पण तो तयार होतो स्नायूंतून. वाळलेल्या म्हाताऱ्या बाईत स्नायूच कमी, त्यामुळे किडनी थकलेली असूनही आकडा वर जात नाही.

एक उदाहरण करून बघा. वय 75, वजन 45 किलो, क्रिएटिनिन 1.2. आधी 140 मधून वय वजा करा: 65. त्याला वजनाने गुणा: 2925. आता 72 गुणिले 1.2, म्हणजे 86.4 ने भागा: सुमारे 34. बाई असेल तर 0.85 ने गुणा: सुमारे 29. म्हणजे किडनी मिनिटाला सुमारे 29 मिलिलिटर रक्त गाळून साफ करते. धडधाकट तरुणात हा आकडा शंभराच्या आसपास असतो. कागदावर "नॉर्मल" दिसणाऱ्या या बाईला तरुणाचा डोस दिला की औषध साठतच जाणार. त्यात जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं असेल किंवा गुडघेदुखीची गोळी चालू असेल तर आकडा आणखी घसरतो.

सेफेपिम हे याचं ठळक उदाहरण. इस्पितळात सलाइनमधून दिलं जातं. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. तो न केल्यास चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस हाक मारली तर ओ देत नाही, एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणतो, चादर चिमटीत धरून ओढतो, हातांना बारीक झटके बसतात. हे वरून "म्हातारचळ" दिसतं, पण आत मेंदूत फिट चालू असू शकते, हातपाय न आपटता. ती ईईजीतच (मेंदूतल्या विजेच्या आलेखातच) दिसते. औषध बंद केल्यावर बहुतेक जण दोन-तीन दिवसांत शुद्धीवर येतात. किडनी फारच खराब असेल तर डायलिसिसने ते काढता येतं. वजन आणि क्रिएटिनिन दाखवून "डोस किडनीच्या हिशोबाने आहे ना?" असं नर्सना किंवा डॉक्टरांना विचारायला कचरू नका.

जेंटामायसिनची इंजेक्शनं झाली. ताप गेला, पण चालताना समोरचं सगळं हलतं.

ताबडतोब सांगा, कारण हे नुकसान बहुधा भरून येत नाही. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन तोलाच्या पेशी मारतात, अमिकासिनचा रोख जास्त करून ऐकण्यावर असतो. फसवी बाब अशी की दोन्ही कान सारखेच बिघडतात, त्यामुळे गरगरत नाही. गरगरायला एक कान चांगला आणि एक वाईट असावा लागतो. रुग्ण पलंगावर पडून असतो तोवर काही कळतही नाही. घरी आल्यावर, कधी कोर्स संपल्यावर, पहिल्यांदा व्हाळावरच्या साकवावर पाय ठेवला की कळतं.

चाचणी: भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक अक्षरं स्थिर मानेने वाचा. मग "नाही नाही" म्हणतो तशी मान सेकंदाला दोनदा हलवत वाचा. निरोगी माणसाला थोडंफार वाचता येतं. कानाचा तोल गेलेल्याला अक्षरं नाचताना दिसतात.

धोका कशाने वाढतो? जास्त दिवस, साठी ओलांडलेली, कमजोर किडनी, सोबत फ्युरोसेमाइडसारखं लघवीचं औषध. काही घराण्यांत आईकडून येणारा एक जनुकीय दोष असतो, त्यात एखाद्या इंजेक्शननेही कान जातो. मामा, मावशी, आजी यांपैकी कुणी इंजेक्शनानंतर बहिरं झालं असेल तर आधीच सांगा. इलाज म्हणजे व्यायाम. हात लांब करून अंगठा धरा, नजर त्यावर खिळवून मान डावी-उजवीकडे फिरवा, एक मिनिट, दिवसातून तीनदा. पुढचं फिजिओथेरपिस्ट वाढवतील. मेंदू डोळ्यांच्या आणि पायांच्या आधाराने तोल सांभाळायला शिकतो, महिने लागतात.

मग चक्करची गोळी घेतली तर?

प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन दोन-चार दिवस, उलट्या थांबवायला, ठीक. महिनोन्महिने घेतली तर मेंदूचं वर सांगितलेलं शिकणं मंदावतं, आणि वयस्कर माणसांत हात थरथरणं, पावलं घासत चालणं असा पार्किन्सनसारखा त्रास ती गोळीच निर्माण करते. औषधाच्या त्रासावर औषध, त्याच्या त्रासावर आणखी एक.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिनने झोप का उडते?

ब्रेक ढिला होतो म्हणून, आणि सिप्रोच्या बाबतीत चहामुळेही. सिप्रो कॅफीनचा निचरा मंद करतं. दिवसातून सहा कप घेणाऱ्याच्या अंगात ते रात्रीपर्यंत साठून राहतं. दम्याच्या थिओफायलिनचंही हेच होतं, आणि तिथे धडधड, उलट्या, फिटपर्यंत मजल जाते. सोबत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेतल्यास फिटचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल बरं.

मधुमेह असेल तर आणखी एक सापळा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असताना ही औषधं साखर एकदम खाली आणू शकतात. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की आधी ग्लुकोमीटर. 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नका. एकदा वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा पडू शकते, म्हणून इस्पितळ टाळू नका. पायांत मुंग्या आल्या किंवा टाचेमागची शीर दुखू लागली तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. मायस्थेनियाच्या (स्नायू लवकर थकण्याच्या आजाराच्या) रुग्णांनी हे घराणं टाळावंच.

लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन घेतोय. त्याचं काय?

सौम्य लेप्टोसाठी 100 मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, हा नेहमीचा डोस. जोखीम असलेल्यांना प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा 200 मिलीग्रॅम देतात. तोलावर याचा फारसा परिणाम नाही. त्याचं भावंड मिनोसायक्लिन मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच घेरी आणतं, बायकांना अधिक, आणि बंद केल्यावर साधारण दोन दिवसांत ती जाते. डॉक्सिसायक्लिनमध्ये लक्ष ठेवायचं ते डोकेदुखीवर: वाकल्यावर वाढणारी, कानात नाडीचा ठोका ऐकू येणारी, नजर क्षणभर अंधुक करणारी. कवटीतला दाब वाढल्याची ती खूण आहे आणि दृष्टी जाऊ शकते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असलेल्या मुलामुलींनी दोन्ही एकत्र घेऊ नये.

फिटची गोळी चालू आहे. कोणतं अँटिबायोटिक जपून?

कार्बामाझेपिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन दिलं तर दोन-तीन दिवसांत कार्बामाझेपिनची पातळी चढते: दोन-दोन दिसणं, गुंगी, दारू प्यायल्यासारखी चाल. फेनिटॉइनचं आयसोनियाझिडबरोबर तसंच होतं. व्हॅल्प्रोएटचं उलटं, मेरोपेनेम दिलं की त्याची पातळी झपाट्याने कोसळते आणि थांबलेल्या फिट परत येतात. नव्या डॉक्टरकडे जाताना फिटच्या गोळीची पट्टीच घेऊन जा.

टीबीच्या औषधांनी मुंग्या येतात. बंद करू?

स्वतःहून अजिबात नाही. आयसोनियाझिडने येणाऱ्या मुंग्या बी-6 ने टाळता येतात. पण बी-6 ची गोळीही मनाने वाढवू नका. मोठ्या डोसमध्ये बराच काळ घेतल्यास तीच नसा बिघडवते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीतलं लिनेझोलिड नसा आणि दृष्टी दोन्हींवर परिणाम करतं, म्हणून दर महिन्याला रंग नीट दिसतात का हे तपासावं. नैराश्याच्या सर्ट्रालिनसारख्या गोळ्या, ट्रॅमाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप लिनेझोलिडसोबत घेतलं तर घाम, थरकाप, ताप आणि पाय थडथडणं सुरू होऊ शकतं. सायक्लोसेरिनने भास, संशय, आत्महत्येचे विचार येऊ शकतात. घरच्यांना हे आधीच माहीत हवं.

किनारपट्टीवर जेवणाचंही सांगायला हवं. आयसोनियाझिड चालू असताना बर्फाशिवाय राहिलेला बांगडा किंवा कुपा खाल्ला तर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते. शिळ्या माशात हिस्टामिन तयार होतं, आणि ते मोडणारी यंत्रणा हे औषध अडवतं. शिजवल्याने हिस्टामिन जात नाही. ताजा मासा खा. टीबीसाठीची निक्षय मदतवाणी: 1800-11-6666.

माडी किंवा दारू घेतली तर?

मेट्रोनिडाझोल-टिनिडाझोलच्या काळात आणि संपल्यावर तीन दिवस नको. पण रोज पिणाऱ्याच्या बाबतीत उलटा घोळ होतो. गोळीसाठी तो एकदम बंद करतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, आणि दोष गोळीला जातो. खरं कारण दारू अचानक सुटणं असतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो. किती पितो हे डॉक्टरांना खरंखरं सांगा. अशा माणसाला बी-1 ची कमतरताही असते. गोंधळ, डोळ्यांची विचित्र हालचाल आणि झोकांड्या एकत्र दिसल्या तर थायमिनचं (म्हणजे बी-1 चं) इंजेक्शन तातडीने लागतं.

औषध की आजारच?

अचानक, काही मिनिटांत बोलणं गेलं, तोंड वाकडं झालं, एक बाजू लुळी पडली, तर अर्धांगवायू समजा आणि निघा; गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि घाट ओलांडून कोल्हापूर किंवा खाली गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचायला त्यातले बरेच जातात. ताप, ताठ मान आणि उलट्या म्हणजे मेंदूज्वराची शंका. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात माकडतापाचाही विचार हवा: ताप उतरल्यावर काही दिवसांनी काहींना तो पुन्हा चढतो, थरथर आणि गोंधळ होतो. तो विषाणूचा आजार आहे, अँटिबायोटिकने जात नाही. रानात जनावरं नेली होती का, गोचीड चावली का, हे सांगा.

गोळी लगेच थांबवायची का?

बोलणं जड झालं, तोल गेला, भास झाले, समोरचं हलू लागलं तर पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. बहुतेक वेळा पर्यायी औषध असतं. उपचारच सोडून देण्याचं कारण नसतं. फिट आली, जागं करता येत नसेल, श्वास अडत असेल तर 108. फिट चालू असताना कुशीवर वळवा, वेळ मोजा, तोंडात चमचा किंवा कांदा नको.

किती दिवसांत बरं होतं? माडावर कधी चढू?

सेफॅलोस्पोरिनचं बरळणं काही दिवसांत. मेट्रोनिडाझोलची झोकांडी काही दिवसांपासून काही आठवड्यांत, मुंग्या मात्र महिने घेतात आणि काहींच्या राहतात. जेंटामायसिनचं वर आलंच.

माड-पोफळीवर चढणं, शेवाळलेल्या गडग्यावर उभं राहणं, होडीच्या नाळेवर जाळं ओढणं आणि दुचाकी, हे टाच-अंगठा चाल आणि डोळे मिटून उभं राहणं दोन्ही सलग आठवडाभर जमेपर्यंत बंद. एकट्याने पोहणं तर आणखी जपून: कानाचा तोल गेलेल्याला गढूळ पाण्याखाली वर-खाली कळत नाही. समुद्रावरून परतल्यावर जमीन हलल्यासारखी वाटणं वेगळं, ते खलाशांना नेहमीचं असतं आणि दोन दिवसांत जातं. त्यापुढे टिकलं तर गोळीची तारीख काढून बघा.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, मग काय अडचण?

पट्टीवरची लाल उभी रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको. सेफिक्झिमसारखी अनुसूची एच-1 मधली औषधं देताना दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत नोंदवायचं असतं. तो नोंदवत नसेल तर वजन, किडनी, फिटची गोळी यांतलं काहीच त्याने विचारलेलं नसणार.

झालेला त्रास कुठे कळवायचा?

औषधांच्या दुष्परिणामांची देशपातळीवरची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे होते. टोल-फ्री क्रमांक 1800-180-3024. रुग्ण स्वतः कळवू शकतो. जवळ ठेवा: औषधाचं मूळ नाव आणि मिलीग्रॅम, बॅच क्रमांक, पहिल्या आणि शेवटच्या डोसाची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख, वय, वजन, सोबतच्या सगळ्या गोळ्या, काढे आणि गावठी औषधंसुद्धा. बॅच क्रमांक पट्टीच्या कडेला छापलेला असतो, म्हणून गोळ्या काढताना त्या टोकाकडच्या शेवटी काढा.